भीती नेमकी होत गेली

कोकणात कायमचं राहायला जायचं ठरलं, तेव्हा ज्याने त्याने आम्हाला सापांची भीती घातली. साप दिसले, नाही असं नाही, पण ते आपल्या वाटेने आले आणि गेले. माझी खरी गाठ पडली सहा आणि आठ पायांच्या मंडळींशी, आणि त्यांच्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. गावातल्यांना त्यात सांगण्यासारखं काही वाटत नव्हतं, शहरातल्यांना ते ठाऊकच नव्हतं.

माझी मूळ भूमिका आधी सांगून टाकते. घरात माणसं राहतात, फार तर एखादं मांजर. बाकी जे काही सरपटतं, उडतं, लोंबतं, त्याची जागा उंबऱ्याबाहेर. डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये ही भूमिका निभावणं सोपं होतं. पेस्ट कंट्रोलचा वर्षाचा करार, ओट्याखाली जेलचे ठिपके, मोरीच्या जाळीवर डांबराच्या गोळ्या आणि हातात कायम झाडू. त्यातही जळमटांशी माझं वैर विशेष. जळमट म्हणजे घरच्या बाईचा आळस, हे आमच्या पिढीतल्या मुलींच्या मनात इतकं पक्कं बसवलेलं की पाहुणा दारात आला की तो आधी छताच्या कोपऱ्यात बघणार, असं मला खरंच वाटायचं. नवरा म्हणायचा, लोक चहाकडे बघतात. पण जळमट नवऱ्याच्या नावावर कधी जमा होत नाही, तेव्हा त्याला हे कुठून कळणार!

बँकेतली नोकरी संपली आणि कुडाळ तालुक्यातलं सासरचं घर दुरुस्त करून आम्ही तिथे बिऱ्हाड हलवलं. चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, पुढे पडवी, मागे न्हाणी, तिच्यापलीकडे माड-पोफळी आणि वरच्या अंगाला काजू-आंब्याची कलमं. फोटोत फार छान दिसतं. फोटोत कौल आणि भिंत यांच्यामधली फट दिसत नाही. त्या फटीतून हवा खेळती राहते, म्हणून तर हे घर मे महिन्यातही सुसह्य असतं. हवेबरोबर जे जे आत यायचं ते येतंच.

मी पहिल्याच उन्हाळ्यात तालुक्याच्या गावाहून फवारणीवाला बोलावला. त्याने पाठीवरचा पंप खाली ठेवला, वर वाशांकडे पाहिलं, मागच्या दारातून बाहेर डोकावला आणि विचारलं, “बाई, नेमकं कुठपर्यंत मारू?” प्रश्न रास्त होता. परसू कुठे संपतं आणि घर कुठे सुरू होतं, हे त्यालाही दिसेना आणि मलाही सांगता येईना. तरी त्याने मारलं. दुसऱ्या दिवशी मी सूपभर किडे झाडून काढले: पाय आत ओढून घेतलेले कोळी, पतंग, रातकिडे, दोन-तीन पाली. मला अतिशय समाधान वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. पावसाच्या तोंडाला झुरळं मात्र पूर्वीपेक्षा जास्त झाली. झुरळाची मादी अंडी एका टणक डबीत घालते. त्या डबीत औषध सहज पोचत नाही. म्हणजे आईबाप मेले तरी पुढची पिढी आत सुखरूप. त्यांना खाणारे कोळी आणि पाली मी सुपात भरून उकिरड्यावर टाकलेल्या. तेव्हा हा हिशेब मला मांडता आला नव्हता. झुरळं वाढली, एवढंच दिसत होतं, आणि त्यावर उपाय म्हणून मी आणखी औषध आणलं.

मग मृगाचा पाऊस. पहिल्या सरीनंतर संध्याकाळी जमिनीतून पंख फुटलेली वाळवी उठते, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पुस्तकात ती जेवणाच्या ताटात पडत नाही. दिव्याभोवती एवढा ढग झाला की नवऱ्याचा चेहरा दिसेना. आमटीत पंख, केसांत पंख, पाण्याच्या हंड्यावर पंखांचा थर. मी दारं-खिडक्या लावून घेतल्या, कौलांच्या फटीपुढे त्याचा काय उपयोग? शेजारच्या काकी अंधारातून आल्या, काही न बोलता त्यांनी आमचे सगळे दिवे मालवले, पडवीतला एकच चालू ठेवला आणि त्याच्याखाली परातीत पाणी भरून ठेवलं. आम्ही अंधारात जेवलो. वाळवीचा हा खेळ तासा-दोन तासांचा असतो. पंख टाकून द्यायचे, जोडीदार गाठायचा, जमिनीत शिरायचं. बहुतेकजणी तेवढंही करू शकत नाहीत, कारण बेडूक, पाली, पाकोळ्या सगळेच त्या रात्री जेवायला बसलेले असतात. सकाळी परातीवर कोंबड्या तुटून पडल्या. काकींना त्यात ज्ञान दिल्याचा वगैरे काही भाव नव्हता. त्या परात परत मागायला आल्या होत्या.

आता कोळ्याबद्दल. न्हाणीच्या भिंतीवर, कपडे अडकवायच्या खुंटीशेजारी, तळहाताएवढा करडा-तपकिरी कोळी एका रात्री चिकटून बसलेला. जाळं नाही, काही नाही. नुसता भिंतीशी सपाट. मी किंचाळले, चपलेचा नेम चुकला, आणि तो एवढ्या वेगाने पळाला की डोळ्याला फक्त रेघ दिसली. आवाज ऐकून काकी कुंपणापर्यंत आलेल्या. “बाय गो, कित्याक मारतंस तेका? झुरळां खाता तो. तुझ्या हातान तितकी मरूची नाय.”

या वाक्याने माझं मन पालटलं, असं लिहिलं तर गोष्ट छान होईल. तसं झालं नाही. मला राग आला. माझ्या न्हाणीत काय राहावं हे काकी कोण ठरवणार? त्यानंतरचे कितीतरी दिवस मी रात्री न्हाणीत जायच्या आधी काठीने दार ढकलून, बॅटरी मारून, सगळे कोपरे तपासत होते. या तपासणीतच मला तो नीट दिसायला लागला. दिवसा तो पाण्याच्या टाकीमागच्या फटीत असायचा, इतक्या बारीक फटीत की पोस्टकार्डच सरकावं. दिवेलागणीनंतर बाहेर. नेहमी तीच भिंत, तेच तोंड खाली करून बसणं. एकदा त्याने झुरळ पकडलेलं पाहिलं. झेप दिसलीच नाही. झुरळ चाललं होतं आणि पुढच्या क्षणी ते पायांच्या पिंजऱ्यात होतं. मग बराच वेळ काही नाही, नुसतं धरून बसणं. मी दात घासायची विसरून बघत उभी राहिले.

श्रावणात कळलं की तो तो नव्हे, ती. पोटाखाली तिने पांढरा, चपटा, बताशाएवढा गोळा धरला होता. मुलीने फोनवर शोधून सांगितलं, या जातीला हंट्समन म्हणतात, शास्त्रीय नाव हेटेरोपोडा वेनाटोरिया, जहाजातल्या मालाबरोबर जगभरच्या उष्ण प्रदेशांत पोचलेली. मादी अंड्यांची ही पिशवी पिल्लं बाहेर पडेपर्यंत अशीच बाळगते आणि त्या काळात फारसं काही खात नाही. मी जवळून पाहिलं, म्हणजे माझ्या मानाने जवळून, हातभर अंतरावरून. तोंडाच्या वर मिशीसारखा फिकट पिवळसर पट्टा होता. पिशवी कागदासारखी दिसत होती. आंघोळीचं पाणी ओतताना मी बादली जरा अलीकडे ओढली. प्रेम वगैरे काही वाटत नव्हतं, अजूनही वाटत नाही. पण त्या पावसाळ्यात न्हाणीत झुरळं दिसेनाशी झाली होती, आणि माझ्या बँकेच्या डोक्याला तेवढा ताळेबंद पुरेसा होता.

माझ्या मनातली दुसरी समजूत मोडली ती मानेवरच्या फोडामुळे. सकाळी उठले तर मानेवर भाजल्यासारखा लाल पट्टा, दुपारपर्यंत त्यावर बारीक पाण्याचे फोड. वाडीतल्या सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं, कोळी मुतला. हे मी लहानपणापासून ऐकत आलेले. आमच्या आजोळीही अंगावर काही उठलं की कोळीच मुतलेला असायचा. मला आतून बरंच वाटलं, की बघा, सांगत होते ना मी! प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी एका नजरेत निदान केलं आणि विचारलं, रात्री मानेवर काही चिरडलं होतं का? चिरडलं होतं. वाचता वाचता काहीतरी वळवळलं आणि मी थापट मारली होती. तो कोळी नव्हताच. नारिंगी-काळा, मुंगीसारखा निमुळता, सेंटिमीटरभरही नसलेला किडा. पिडेरस हे त्याच्या प्रजातीचं नाव. तो चावत नाही, नांगी मारत नाही. त्याच्या शरीरातच एक दाहक द्रव असतो आणि आपण त्याला चिरडलं की तो कातडीला लागतो. फोड दुसऱ्या दिवशी येतात, तोपर्यंत किडा विसरलेला असतो, आणि मग कोपऱ्यातल्या जाळ्यावर संशय जातो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंगावर बसला तर फुंकर मारा, हात मारू नका. लागलाच तर साबणाने धुऊन टाका. आणि पलंगाजवळचा पांढरा दिवा बदला.

दिवा बदलला. पांढऱ्या, निळसर प्रकाशाकडे किडे जास्त येतात, पिवळट दिव्याकडे त्या मानाने कमी. आता पडवीत आणि माजघरात पिवळे दिवे आहेत, घर जुन्या काळचं दिसतं आणि पुस्तक वाचताना थोडं डोळ्यांना जड जातं. पण मला गंमत वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. हा किडा भातखाचरात राहतो आणि भातावरचे तुडतुडे आणि बारीक अळ्या खातो. म्हणजे ज्याने मला भाजलं तो शेतातल्या भाताची राखण करणारा, आणि ज्याच्यावर आळ आला तो घरातली झुरळं मारणारा. वाडीत मी हे दोन-चार जणांना सांगून पाहिलं. त्यांनी मान डोलावली, आणि पुढच्या आठवड्यात कुणाच्या तरी मुलाच्या हातावर पुन्हा कोळी मुतला.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की ही बाई आता निसर्गप्रेमी झाली. विंचवाबद्दल ऐका.

कोकणातला लाल विंचू लहान असतो, बोटाच्या दोन पेरांएवढा, आणि दगडाच्या फटीत, लाकडांच्या ढिगात, बुटात कुठेही असू शकतो. मोठी काळी इंगळी दिसायला भयंकर, पण तिच्या विषाने माणूस सहसा दगावत नाही. हा लहान लाल मात्र जीव घेऊ शकतो. एक काळ असा होता की घेतच असे. महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली रुजू झाले, तेव्हा विंचू चावून आलेली धडधाकट माणसं आणि पोरं त्यांच्यासमोर मरत होती. हातपाय थंड, दरदरून घाम, उलट्या, मग फुप्फुसात पाणी. विष रक्तवाहिन्या आवळतं आणि हृदयावर ताण आणतं, हे त्यांनी रुग्णाशेजारी बसून, तासातासाला नोंदी करून जोखलं. मग रक्तदाबासाठी वापरलं जाणारं प्राझोसिन हे औषध त्यांनी दंश झालेल्यांना द्यायला सुरुवात केली. मृत्यूचं प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास होतं, ते १ टक्क्याच्या घरात आलं. त्यांचे लेख लॅन्सेटमध्ये छापून आले आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचं हे काम त्यांच्या आत्मचरित्रामुळे पुष्कळांना माहीत आहे. मला मात्र ते कळलं तेव्हा मी विंचवाच्या जिल्ह्यात रीतसर राहायला आलेली होते, आणि सगळ्यात जास्त शरम वाटली ती याची, की मी न्हाणीतल्या कोळ्यासाठी काठी आणि बॅटरी घेऊन फिरत होते आणि चपला मात्र न झटकता घालत होते.

पूर्वी मी सगळ्यांना सारखीच घाबरायचे. लाल विंचवाला जेवढी, तेवढीच हात लावला की गोल होणाऱ्या वाण्याला, जो बिचारा कुजकी पानं खाऊन जगतो. ती सरसकट भीती गेली, तिच्या जागी हिशेबी भीती आली. आता बूट आणि चपला आपटूनच घालते. पलंग भिंतीपासून वीतभर लांब, मच्छरदाणी गादीखाली खोचलेली. चुलीची लाकडं घराच्या भिंतीला टेकवून रचायची सवय मोडली. ती आता खळ्याच्या पलीकडे. पायरीलगतचा दगड-कौलांचा ढीग उचलला. आणि मुलीने जांभळ्या प्रकाशाची एक अतिनील बॅटरी आणून दिली आहे. विंचवाच्या कवचावर तो प्रकाश पडला की विंचू हिरवट-निळा झळकतो, डोळ्यांवर विश्वास बसत नाही इतका. पावसाच्या सुरुवातीला रात्री एक फेरी मारते. घराच्या भिंतींवर आणि पायऱ्यांवर सापडला तर मी त्याला मारते. लांब चिमट्याने धरून गडग्यापलीकडे सोडा, असं सांगणारे सज्जन भेटतात. त्यांची नातवंडं सुट्टीत खळ्यात अनवाणी खेळत नाहीत, माझी खेळतात.

गोचिडीचंही तेच. २०१६ साली दोडामार्ग तालुक्यात माकडतापाची साथ आली, पुढच्या वर्षी बांद्याकडे. कर्नाटकात शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात १९५७ साली पहिल्यांदा सापडलेला हा रोग गोचिडीच्या चाव्यातून होतो आणि त्याचा हंगाम नेमका काजू गोळा करायच्या दिवसांत येतो. काजूत जाताना पूर्ण बाह्या, पायजमा मोज्यांत खोचलेला, आल्यावर कडकडीत पाण्याने आंघोळ आणि कपडे सरळ पाण्यात. नवरा सुरुवातीला हसायचा. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य खात्याला कळवायचं असतं, हे ऐकल्यावर हसणं थांबलं.

आणि डास. याबाबतीत तर मला वाडीला दोन गोष्टी सांगता आल्या, याचा थोडा अभिमान आहे. डेंगीचा डास गटारात होत नाही, स्वच्छ साचलेल्या पाण्यात होतो. करवंट्या, पोफळीच्या विऱ्या, फुटकी मडकी, कुंड्यांखालच्या बश्या, सगळं त्याला चालतं. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा सगळी भांडी कोरडी करायची. काकींनी कोळ्याची वकिली केली तशी माझ्या या उपद्व्यापाची कुणी केली नाही. शनिवारी मी करवंट्या पालथ्या घालत फिरते आणि लोक आपापसात हसतात.

काकींना मी मनातल्या मनात फार मोठं करून ठेवलं होतं, हेही सांगायला हवं. शहरातून आलेल्या माणसाला एक गुरू लागतो, आणि तो लुगडं नेसलेला असेल तर फारच बरं. पण ज्या काकींनी माझ्या हातातली चप्पल थांबवली त्याच काकी आंब्याला पालवी आली की फवारणीवाल्याची वाट बघतात. मोहोर आला की तुडतुडे येतात, मोहोरातला रस शोषतात, त्यांच्या चिकट्यावर काळी बुरशी धरते आणि हापूस गळून जातो. वर्षाची कमाई त्या मोहोरावर. तिथे कुणाचंच हृदय द्रवत नाही. मी आमच्या कलमांवर फवारायचं नाही असं जाहीर केलं तेव्हा बागेची कामं बघणारे तात्या गंभीरपणे म्हणाले, “वैनीनू, पेन्शन आसा म्हणान ह्या बोलूक येता.” त्यांचं खरं होतं. पहिल्या वर्षी आंबा जवळपास आलाच नाही. दुसऱ्या वर्षीपासून मीही फवारणीचे पैसे देते, फक्त फुलोरा पूर्ण उमललेला असताना नको, मधमाश्या असतात, एवढी अट घालते.

काजूवर मात्र तात्या औषधाला हात लावू देत नाहीत अशी चार-पाच झाडं आहेत, कारण त्यांच्यावर हुमले आहेत. हे लाल मुंगळे पानं पानांना शिवून घरटी करतात. एक दिवस नातवाबरोबर उभी राहून मी ते शिवणकाम पाहिलं. दहा-वीसजणी एका पानाची कड पायांनी धरून दुसऱ्या पानाच्या कडेला जबड्यांनी ओढून धरतात. पान लांब असेल तर एकमेकींच्या कमरा धरून साखळी करतात. मग आतून आणखी काहीजणी येतात, तोंडात आपल्याच बाळ-अळ्या धरून, आणि त्या अळ्यांना एका पानावरून दुसऱ्या पानावर टेकवत नेतात. रेशीम अळीच्या तोंडातून येतं. मोठ्यांना ते काढता येत नाही, म्हणून बाळांकडून शिवून घ्यायचं. हे हुमले काजूची कोवळी पालवी शोषणाऱ्या ढेकण्याला झाडावर टिकू देत नाहीत. दुसऱ्या बाजूला ते पिठ्या ढेकणासारख्या गोड चिकटा देणाऱ्या किडींची पाठराखण करतात, आणि काजू काढायला चढणाऱ्याला फोडून काढतात, म्हणून सगळ्यांच्या बागेत ते कुणी ठेवत नाही. तात्या चढण्यापूर्वी अंगाला राख चोळतात. तिचा उपयोग होतो की नाही याबद्दल आमच्यात मतभेद आहेत.

आणखी एक सांगायचं राहिलं, कुंभारीण माशी. आमच्या कपाटाच्या कुलपाच्या भोकात, नवऱ्याच्या चष्म्याच्या घरात, एकदा तर पुस्तकाच्या कण्यात तिने मातीची कोठी बांधली. परसातल्या नळाखालची ओली माती, मोहरीएवढी गोळी करून आणायची, लिंपायची, पुन्हा जायचं. कीर्तनात ऐकलेलं असतं, की तिने कोंडलेली अळी तिच्याच ध्यासाने शेवटी तिच्यासारखी होते; भक्ताने देवाचा ध्यास असाच घ्यावा. मी चष्म्याच्या घरातली कोठी सुरीने उघडली. आत पाच-सहा बारीक कोळी दाटीवाटीने भरलेले. मेलेले नव्हते. एकाचा पाय सुरीचं टोक लागताच किंचित हलला. तिने नांगी मारून त्यांना फक्त लुळं केलेलं असतं, म्हणजे अंड्यातून निघणाऱ्या पोराला ताजं अन्न मिळावं. एका कोळ्याच्या पोटावर पांढरं, केळ्यासारखं वाकडं अंडं चिकटवलेलं होतं. मी ती कोठी परत बंद करायचा प्रयत्न केला, अर्थात जमला नाही. सगळं बाहेर फेकलं. त्या दिवशी जेवण गेलं नाही. निसर्गात फार सुंदर समतोल असतो, असं जे म्हणतात त्यांनी एकदा अशी कोठी उघडावी, असं मला वाटतं. समतोल असतो, सुंदरबिंदर आपण घालतो.

पाहुणे येतात. मे अखेरीस काजवे बघायला फार येतात, आणि रात्री आठ वाजता सगळ्यांना काजवे हवे असतात आणि साडेआठला डास मारायची मशीन. मी पूर्वी त्यांच्यातलीच होते, म्हणून चिडत नाही, पण ऐकवते. काजव्यांसाठी पडवीचा दिवाही बंद करावा लागतो, कारण त्यांची बोलणी उजेडाची असतात आणि आपल्या उजेडात त्यांना एकमेकांचं दिसत नाही. मुलीच्या आग्रहाखातर एक खोली आम्ही छत मारून, खिडक्यांना बारीक जाळी लावून बंदिस्त केली आहे. ज्याला कौलांखाली झोप येत नाही त्याने तिथे झोपावं. मीही आजारी असताना तिथे झोपते. घोण अंथरुणावर दिसली त्या रात्री तर सरळ उशी घेऊन तिकडे गेले. घोणीबद्दल माझं मत बदललेलं नाही. ती झुरळं खाते हे मला माहीत आहे.

आणि जळमटं? गणपतीच्या आधी पूर्वीसारखीच सगळं घर झाडते, कारण गणपती आहेत. एरवी माजघरातली काढते, पडवीच्या वाशातली ठेवते. मुंबईची जाऊ आली की तिची नजर वर जाते आणि माझे कान अजूनही तापतात. इतक्या वर्षांचं शिक्षण आहे ते.

सध्या घरात वाद चालू आहे तो आग्या मोहोळाचा. देवळाच्या वाटेवरच्या वडाला, जमिनीपासून फार उंच नाही अशा फांदीला, सुपाएवढं पोळं लागलं आहे. या माश्या पाळता येत नाहीत. आपल्या मर्जीने येतात, फुलांचा हंगाम सरला की आपल्या मर्जीने जातात. काकी म्हणतात, दरवर्षी येतत, वैशाखात जातत, कोणाचा काय गेला? तात्या म्हणतात, आंब्याला मोहोर आहे, आता तरी हात लावू नका. नवऱ्याचं मत दोघांकडे. दोघांचंही बरोबर आहे, मीच गेल्या वर्षी याच वडाखाली उभी राहून त्यांची बाजू मांडली होती. पण यंदा जत्रा त्याच वाटेने जाणार आहे. ढोल असणार, फटाके असणार, धूर असणार, पोरांच्या हातात दगड असणार. आग्या माश्या एकदा उठल्या की थव्याने अंगावर येतात, लांबवर पाठलाग करतात आणि शेकडो डंखांनी माणूस मरू शकतो. फटाके बंद करायचा प्रस्ताव मी बैठकीत मांडून पाहिला, तो कुणी कानावरही घेतला नाही. तेव्हा जत्रेआधी मध काढणाऱ्या जाणकारांना बोलावून, रात्रीच्या वेळी पोळं उतरवायचं, असं माझं म्हणणं आहे. काकी दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीत. रविवारी पुन्हा बैठक आहे.